टेंबे मॅडमची बाटली

टेंबे मॅडम यायच्या आधी त्यांचा वास यायचा. हे मी पूर्ण आदर राखून लिहितेय. जवाहर चौकातून त्या रोज सकाळी बस पकडायच्या आणि दुसऱ्या मिनिटाला त्यांच्या शेजारची सीट रिकामी व्हायची. मग पुढची, मग मागची. माणसं आधी खिडकी उघडायची, मग आपल्याच चपलांचे तळवे बघायची, मग शेजारच्याकडे संशयानं. मॅडम मांडीवर पर्स ठेवून मजेत बसलेल्या. "मला बघ, कधी उभं राहावं लागत नाही," त्या मला अभिमानानं सांगायच्या. "भोपाळचे लोक सज्जन आहेत. बाईमाणूस बघितलं की जागा देतात."

वास कसला, तर खवट लोण्याचा. नुसतं खवट लोणी परवडलं असतं. त्यात तान्ह्या बाळानं अंगावर ओकलेलं दूध आणि आठवडाभर बंद डब्यात राहिलेले मोजे मिसळा, मग जमेल. त्याचं शास्त्रीय नाव ब्युटिरेट, आणि आमची सगळी लॅब त्याच्यावरच चालायची. त्यातल्या अ‍ॅसिडची तपकिरी काचेची एक बाटली मॅडमची लाडकी होती. ती उघडली की शेजारच्या खोलीतले सक्सेना सर कॉरिडॉरमध्ये येऊन ओरडायचे, "मैडम, फिर से?" सर वनौषधी शिकवायचे. भिंतीच्या त्या बाजूला वेखंड, चंदन, कापूर, आणि ह्या बाजूला आम्ही. त्यांनी आमच्याविरुद्ध प्रिन्सिपॉलकडे इतके अर्ज दिले होते की त्यांची वेगळी फाईल झाली होती. मॅडम म्हणायच्या, "देऊ दे बिचाऱ्याला. त्याचं नाक तरुण आहे. मला तर बाई काही येत नाही आता, सवय झाली." आणि आम्ही हसायचो.

मी पहिल्यांदा त्यांच्यापुढे बसले ती पीएच.डी.च्या मुलाखतीला. फाईल इस्त्री केल्यासारखी, साडी आईची, तोंडपाठ उत्तरं चाळीस. मॅडमनी फाईलला हातसुद्धा लावला नाही. चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "पोट काय म्हणतंय?"

"अं?"

"पोट, पोट. सकाळी साफ होतं का?"

माझं डोकंच सटकलं. "मॅडम, मी अ‍ॅडमिशनसाठी आलेय, दवाखान्यात नाही!"

त्या इतक्या हसल्या की पाण्याचा ग्लास लवंडला. "चिडली! छान. मला चिडणारीच मुलगी पाहिजे होती. चिडणाऱ्यांना आकडे खोटे लिहायचा धीर नसतो." झाली माझी मुलाखत. नंतर कळलं, हा प्रश्न त्या सगळ्यांनाच विचारायच्या. प्रिन्सिपॉलना, पोस्टमनला, रिक्षावाल्याला. नमस्काराच्या जागी त्यांचं हेच होतं.

मॅडम मूळच्या उज्जैनच्या. लग्न केलं नाही, भाऊ-भावजय तिकडे, ह्या इकडे जवाहर चौकाजवळ दोन खोल्यांत एकट्या. त्यांच्या मराठीत हिंदी इतकं विरघळलेलं होतं की आमच्या आईला त्यांचं बोलणं ऐकताना गंमत वाटायची. आमचं घर अयोध्या नगरातलं, बाबा कारखान्यातून रिटायर झालेले, आणि आई चाळीस वर्षं भोपाळात राहूनही पुण्यातच राहत असल्यासारखी बोलणारी. मी लॅबमधून आले की आई मागच्या दारी बादली आणि साबण घेऊन उभी. "तशीच आत पाऊल टाकलंस तर बघ. हिचं लग्न कसं जमवायचं हो?" मग एकदा मॅडम आमच्याकडे जेवायला आल्या. "वहिनी, भाकरी तर काय बढिया बनवता तुम्ही! मी रोज येऊन जाईन," म्हणाल्या, आणि तिसऱ्या घासाला आईला विचारलं, "पोट काय म्हणतं तुमचं?" मी डोळे मिटून घेतले. पण आईला एवढ्या आपुलकीनं हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. दोघी इसबगोलावर तासभर बोलत बसल्या. त्या दिवसापासून आईनं माझ्या लग्नाचा विषय थोडा मागे ढकलला.

आम्ही करत काय होतो, हे मॅडमनी मला पहिल्या दिवशी सांगितलं तसंच सांगते, कारण त्याहून सोपं मला अजून जमत नाही.

"करोंदची मंडी बघितलीयेस ना? आपलं आतडं म्हणजे करोंद मंडी. तू भाकरी खाते, भाजी खाते, त्यातला चोथा काही तुला पचत नाही. पण आत जे जंतू बसलेत ना करोडोंनी, त्यांचं पोट त्याच्यावरच. ते चोथा खातात आणि बदल्यात आपल्याला हे ब्युटिरेट देऊन जातात. माल एकदम अव्वल. सूज उतरवतो, मेंदूच्या पेशींना जपतो, असं दिसतंय. पण मेंदू राहतो कुठे? अरेरा कॉलनीत, बंगलेवाल्यांत! मंडीतून माल निघाला की वाटेत सगळे हात मारतात. आधी आतड्याचं अस्तर खातं, मग लिव्हर. वर पोचतात रिकामी पोती. आणि चुकून एखादं भरलेलं पोतं पोचलंच, तर गेटवर चौकीदार. मेंदू कोणालाही आत घेत नाही, समजलीस?"

"मग?"

"मग माल डब्यात भरायचा. चरबीचा डबा, इतका बारीक की साध्या मायक्रोस्कोपमधूनही धड दिसायचा नाही. आणि पुढच्या गेटनं जायचंच नाही. मागच्या दारानं घालायचा."

"मागचं दार कुठलं?"

मॅडमनी माझ्या नाकाच्या शेंड्यावर बोट टेकवलं. "हे."

ते चरबीचे डबे म्हणजे नॅनोकॅरिअर. पार्किन्सनसारखा आजार उत्पन्न केलेल्या उंदरांच्या नाकात आम्ही त्याचे थेंब घालायचो. मग उंदीर फिरत्या दांड्यावर किती वेळ तोल सांभाळतो ते बघायचं, आणि शेवटी त्याच्या मेंदूच्या पातळ चकत्यांवर किती पेशी जिवंत राहिल्या ते मायक्रोस्कोपखाली एक एक करून मोजायचं. हे मोजण्याचं काम मॅडम स्वतः करायच्या, दुसऱ्या कोणाला देत नसत.

उंदरांचं खातं रफीकभाईंकडे. रफीकभाई अ‍ॅनिमल हाउस सांभाळायचे, जुन्या भोपाळचे, शब्द मोजून वापरणारे. कुठल्या पिंजऱ्याला खरं औषध, कुठल्याला नुसते रिकामे डबे आणि कुठल्याला साधं पाणी, हे फक्त त्यांना ठाऊक. आम्हाला शिशीवर नुसता नंबर दिसायचा. नंबरांची किल्ली एका लिफाफ्यात, लिफाफ्यावर लाखेचं सील, आणि लिफाफा रफीकभाईंच्या लोखंडी कपाटात टोस्टच्या डब्याखाली. मोजणाऱ्याला कोणता उंदीर कोणाचा हे कळता कामा नये, म्हणून ही व्यवस्था. एकदा मी लाडीगोडी लावून विचारायला गेले, तर ते म्हणाले, "बिटिया, टोस्ट मांगो, टोस्ट दूँगा."

माझ्या दुसऱ्या उन्हाळ्यात एका पिंजऱ्यातले उंदीर सुकायला लागले. मी वहीत लिहिलं, 'उन्हाळ्यामुळे वजन घटले.' मॅडमनी वाचलं आणि वही माझ्यासमोर आपटली. "बाकीच्या पिंजऱ्यांत काय थंडी पडलीय?" दोघी अ‍ॅनिमल हाउसात गेलो. पाण्याच्या बाटलीची नळी अडकली होती, बिचाऱ्यांना पाणीच मिळत नव्हतं. मला इतकी लाज वाटली की सांगता सोय नाही. मॅडम नळी साफ करता करता म्हणाल्या, "तयार कारण घेऊ नकोस, मंजू. कारण तयार असलं ना, की माणूस तपासतच नाही." पुढे हे वाक्य त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलं की मी ते लॅबच्या दारावर लिहून लावलं. ते वाचतच मॅडम रोज आत यायच्या.

मग तो बाटलीचा दिवस. मी पेठेतून फिल्टर घेऊन परत आले तर अर्धं कॉलेज बाहेर अंगणात. मुली ओढणीत तोंड खुपसून, सक्सेना सर लाल होऊन. तपकिरी बाटली टेबलावर उघडीच राहिली होती आणि वास तिसऱ्या मजल्यावर पोचला होता. मी श्वास रोखून आत घुसले. बाटलीपासून हातभर अंतरावर मॅडम शांतपणे लिहीत बसलेल्या. मला बघून म्हणाल्या, "अगं, सगळे कुठे गेले? सुट्टी आहे का?" मी झाकण लावलं आणि बाहेर येऊन सगळ्यांना हे सांगितलं. काय हसलो आम्ही! कोणी म्हणालं सवय, कोणी म्हणालं, "कोरोनात नाक गेलं असेल, माझ्या काकांचं पण गेलं होतं." हेही खरंच, अर्ध्या गावाची नाकं तेव्हा गेली होती.

हसले नाहीत ते फक्त रफीकभाई. ह्या शहरात गॅसची ती रात्र बघितलेले त्यांच्या वयाचे लोक वासावरून चेष्टा करत नाहीत. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "आदत वाला भी ढक्कन खोलते वक़्त गर्दन फेर लेता है. मैं भी फेरता हूँ. मैडम पहले फेरती थीं. अब नहीं फेरतीं." मी म्हटलं, "रफीकभाई, आप भी ना!" आणि विसरून गेले. ह्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

काही महिन्यांनी थिसिस लिहायला मी मॅडमच्या जुन्या वह्या टाईप करायला घेतल्या. पहिल्या वहीतलं अक्षर दुकानाच्या पाटीसारखं, एका पानावर जेमतेम दहा ओळी. पुढच्या वहीत ओळी वाढल्या. त्याच्या पुढच्या वहीत आणखी. शेवटच्या वहीत तर मुंग्या चालल्यासारखं, ओळीच्या शेवटी शेवटी आणखी बारीक होत गेलेलं. मी चरफडत होते. वही कॉलेजची, पेन कॉलेजचं, आणि बाईंची कंजुषी बघा! भिंग आणायला उठले आणि उभीच राहिले. कारण मॅडमच्या पार्किन्सनवरच्या लेक्चरची तिसरी स्लाईड मीच बनवली होती, निळ्या अक्षरांत: हात थरथरायला लागायच्या कितीतरी वर्षं आधी वास जातो, पोट साफ होत नाही, अक्षर लहान होत जातं, चालताना एक हात हलेनासा होतो.

काचेतून बघितलं तर मॅडम कॉरिडॉरमधून चालल्या होत्या. डावा हात मजेत झुलत होता. उजवा अंगाला चिकटून नुसता लटकत होता.

दोन दिवस मी त्यांना तोंड दाखवलं नाही. तिसऱ्या दिवशी पहिली आणि शेवटची वही घेऊन त्यांच्यासमोर जाऊन बसले.

"मॅडम, एक विचारू?"

"पोटाचं असेल तर विचार."

मी दोन्ही वह्या उघडून शेजारी शेजारी ठेवल्या. मॅडमनी एकीकडे बघितलं, दुसरीकडे बघितलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग अगदी परीक्षकाच्या आवाजात म्हणाल्या, "स्लाईड नंबर तीन." मग म्हणाल्या, "बाटली आण. आणि सक्सेनाकडून वेखंड, कापूर, जे मिळेल ते घेऊन ये. हिंग माझ्या डब्यात आहे."

त्यांनी डोळे मिटले आणि मी एकेक वस्तू त्यांच्या नाकाखाली धरत गेले. हिंग. "पुढे." वेखंड. "पुढे." तपकिरी बाटली उघडली तेव्हा माझीच मान झटकन वळली, त्या मात्र तशाच बसल्या, देवळात बसावं तशा. "झालं? पुढे." कापूर धरला तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. "काहीतरी आहे!" माझ्या जिवात जीव आला. पण लगेच त्यांनीच मान हलवली. "नाही गं. थंड लागलं फक्त. ते दुसऱ्या नसेचं काम. वास नाहीये."

मग मी धीर करून विचारलं, "मॅडम, पोट काय म्हणतंय?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी उलटा विचारला नव्हता. त्या हसल्या, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "किती वर्षं झाली माहितीये? मी म्हणायचे, बसून काम आहे, वय आहे, बाहेरचं खाणं आहे. आणि नाकाला म्हणायचे सवय आहे." त्यांनी दारावरच्या माझ्या कागदाकडे बोट केलं. "रोज वाचते गं मी ते!" मी ढसाढसा रडले. मॅडम मला पदर देत म्हणाल्या, "पुस. पण आधी हिंगाची डबी बंद कर, वास उडून जाईल."

डॉक्टरांनी तेच सांगितलं. गोळ्या सुरू झाल्या. त्यांच्यामुळे हालचाल सुधारते, पण मुळातल्या पेशी मरायच्या थांबत नाहीत. ते मरणं थांबवण्यासाठीच तर आमचे सगळे उंदीर पिंजऱ्यात होते. दुसऱ्या दिवशी मॅडम लॅबमध्ये आल्या, मायक्रोस्कोपवर कव्हर घातलं आणि म्हणाल्या, "आतापर्यंतचं माझं मोजलेलं सगळं रद्द. एकाच माणसानं सगळं नव्यानं मोजायचं, आणि मी मोजणार नाही."

"का? तुम्हाला कुठे माहितीये कोणता उंदीर कुठला?"

"माहीत नाही. पण आता मला निकाल हवासा वाटतोय. अर्धी मेलेली पेशी दिसली ना, तर माझं मन म्हणेल, जिवंत धर. सगळीकडेच म्हणेल. ज्याला निकाल हवा, त्यानं मोजायला बसू नये."

"मी मोजते मग."

"तुला नकोय निकाल?"

मला तर त्यांच्याहून जास्त हवा होता.

"मग तूही नको," त्या म्हणाल्या. "सक्सेनाला दे."

मी उडालेच. "सक्सेना सर? मॅडम, त्यांना आपलं चांगलं झालेलं बघवत नाही! मुद्दाम कमी मोजतील."

"कमी मोजायला कुठली चकती औषधाची हे कळायला नको? कळणार नाही. मग चिडून चिडून सरळच मोजेल." आणि त्या स्वतः जाऊन सरांना सांगून आल्या. आत काय बोलल्या मला माहीत नाही. सर बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. त्यानंतर ते रोज दुपारी नाकावर रुमाल बांधून आमच्या लॅबमध्ये येऊन बसायचे, मोजायचे, आणि कोणाशी न बोलता जायचे. अर्जांची फाईल तेव्हापासून जाड झाली नाही.

दरम्यान मी चोरी केली. सरळ सांगते. फ्रिजमधली थेंबांची एक शिशी उचलली, बर्फाच्या थर्मासमध्ये घातली आणि मॅडमच्या घरी नेली. ह्या शिशीवर नंबर नव्हता, ही मीच भरली होती, आत माल होता हे मला पक्कं ठाऊक होतं. "दोन थेंब सकाळी, दोन संध्याकाळी," मी म्हटलं. "कोणाला कळणार नाही."

मॅडमनी शिशी हातात घेतली. डाव्या, कारण उजवा आता थरथरत होता. कितीतरी वेळ त्या ती उजेडात फिरवून बघत राहिल्या.

"खोटं कशाला बोलू? हवंय मला. रोज साडीला पिन लावायला अर्धा तास लागतो, तेव्हा वाटतं घालावेत दोन थेंब. पण हे उंदराच्या नाकासाठी बनवलंय. माणसाच्या नाकात जाऊन काय करेल, कोणी बघितलंय? मी बिघडले तर तुझ्या गळ्यात येईल. आणि सुधारले तर?"

"तर चांगलंच ना!"

"कशानं सुधारले, गोळ्यांनी का थेंबांनी, कसं कळणार? एका उंदराचा पेपर कोण छापतो, बेटा?" त्यांनी शिशी परत थर्मासमध्ये ठेवली. "आणि हे बेसिनमध्ये ओतू नकोस. उद्या लॅबच्या डब्यात टाक, नियमानं." मी त्यांच्यावर इतकी चिडले की चहा न पिताच निघाले. जिन्यात बसून रडले, मग परत वर जाऊन चहा प्यायले.

लिफाफा उघडायच्या दिवशी सक्सेना सरांनी तक्ते आणले. म्हणाले, "मैडम, मैंने सब दो-दो बार गिना है," आणि रुमाल काढून उभे राहिले, एवढ्या वासात. रफीकभाईंनी टोस्टचा डबा उचलला, सील तोडलं. मी एकेक नंबर किल्लीशी जुळवत गेले.

औषधाच्या उंदरांच्या पेशी पाण्याच्या उंदरांपेक्षा जास्त वाचल्या होत्या. पण रिकाम्या डब्यांच्या उंदरांच्यासुद्धा थोड्या वाचल्या होत्या. म्हणजे सगळं श्रेय मालाचं नव्हतं, काही डब्याचंच होतं. फरक होता, पण आम्ही स्वप्नात बघितला होता तेवढा नव्हता. अजून कितीतरी वर्षांचं काम बाकी होतं, आणि मॅडमकडे तेवढी वर्षं नव्हती, हे खोलीतल्या चौघांनाही कळलं.

मी हळूच म्हटलं, "मॅडम, रिकाम्या डब्यांचा गट पेपरमध्ये नको घेऊ या. मग फरक मोठा दिसेल. पैसे मिळतील, काम जोरात चालेल, लवकर होईल."

"चिडणाऱ्यांना धीर नसतो म्हटलं होतं मी," त्या म्हणाल्या. "मला खोटं पाडू नकोस. थोडं आहे ना? मग थोडं लिही." आणि मग टाळी वाजवून, "अरे, पण थोडं आहे! शून्य नाहीये! रफीकभाई, टोस्ट काढा!" त्या दिवशी रफीकभाईंनी मला न मागता टोस्ट दिला.

मॅडम रिटायर झाल्या आणि भावाकडे उज्जैनला गेल्या. काम मी पुढे चालवलं, अजून चालवतेय. रोज सकाळी दहाला त्यांचा फोन यायचा. आवाज बारीक होत चाललेला, फोन कानात खुपसावा लागायचा. पण प्रश्न ठरलेला. "बाटली उघडलीस? आज किती घाण?"

"फार घाण, मॅडम."

"कशासारखी?"

मी रोज नवीन काहीतरी शोधून सांगायची. गणपतीनंतर उरलेले मोदक. सक्सेना सरांचं स्वेटर. त्या खुदखुदायच्या. "मस्त. चल, काम कर." मला वाटायचं, त्यांना त्या वासाची आठवण येते म्हणून विचारतात.

मग एका थंडीत मला दणदणीत सर्दी झाली. फोन आला तेव्हा मी म्हटलं, "आज काही वासच येत नाहीये मॅडम. सर्दी झालीये." पलीकडून "बरं," एवढंच, आणि फोन बंद.

दुसऱ्या दिवशी दुपारी लॅबचं दार उघडलं. रफीकभाईंच्या हाताला धरून, पाऊल घासत घासत, मॅडम. उज्जैनहून बसनं, एकट्या, घरी कोणाला न सांगता. पर्समधून हिंगाची डबी, वेखंड आणि ओव्याची पुरचुंडी काढून टेबलावर मांडली.

"मॅडम, अहो सर्दी आहे नुसती!"

"हो? तपासलंस?" आवाज इतका बारीक, पण परीक्षकाचाच. "मी पण म्हणायचे, सवय आहे नुसती. बस खाली."

त्यांनी किटलीत पाणी उकळवून घेतलं, ओवा टाकला, माझ्या डोक्यावर लॅब कोट पांघरला आणि मला वाफ घ्यायला लावली. नाक मोकळं झालं तसं म्हणाल्या, "डोळे मीट." मी मिटले. झाकण काचेवर तडतड वाजत होतं, त्यांच्या हातानं ते फिरता फिरत नव्हतं. रफीकभाई मदतीला पुढे झाले असावेत, कारण मॅडम म्हणाल्या, "नाही, मीच उघडणार." कितीतरी वेळ नुसती तडतड. मग ते सुटलं, आणि आतलं सगळं एकदम माझ्या अंगावर आलं. माझी मान झटक्यात वळली.

"वळवली!" मॅडम ओरडल्या. तेवढा मोठा आवाज त्यांनी कुठून काढला कोण जाणे. "रफीकभाई, गर्दन फेरी इसने! देखा?"

"देखा, मैडम."

मी डोळे उघडले. बाटली हिंदकळून त्यांच्या हातावर, साडीवर सांडली होती आणि त्या रडत होत्या, सरळ, मुलीसारख्या. इतका मोठा आजार झाला तेव्हा रडल्या नव्हत्या, लिफाफा उघडला तेव्हा रडल्या नव्हत्या. तेव्हा कुठे मला कळलं की रोज दहाला त्या वासाची चौकशी करत नव्हत्या, माझी करत होत्या.

"आला ना?"

"आला, मॅडम."

"किती घाण?"

"फार. फार घाण आहे."

"मग बसलीयेस काय? कामाला लाग." आणि पदरानं नाक पुसलं.

संध्याकाळच्या बसमध्ये मी त्यांना बसवून दिलं. त्यानंतर त्या भोपाळला आल्या नाहीत, पुढच्याच वर्षी गेल्या. बस सुटायच्या आधी मी खाली उभी होते. शेजारी बसलेल्या गृहस्थांनी खिडकी उघडली, आपल्या बुटांचे तळवे बघितले, मॅडमकडे बघितलं आणि उठून पार पुढे गेले. मॅडम ऐसपैस सरकून बसल्या. रिकाम्या सीटवर हात थोपटून त्यांनी मला खिडकीतून दाखवलं, बघ, मिळाली की नाही जागा.